सात नंबरचा शिक्का

मोरबी, २१ ऑक्टोबर १९९६

चि. तरुलता,

जय श्रीकृष्ण. मी किरीटची आई, रंभा. तू मला पाहिलेलं नाहीस आणि मी तुला. किरीट दसऱ्याला जामनगरहून घरी आला, तिथल्या तांब्या-पितळेवाल्या कंसाऱ्यांच्या मुलीशी लग्न करणार म्हणाला आणि रोटल्याचा घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघत बसला. मी म्हटलं, आधी गीळ, मग बोलू. मला राग आलेला नाही हे पहिल्यांदाच लिहून टाकते. आम्हा पटेलांत बाहेरची मुलगी आणली की चार घरं तोंड वाकडं करतात. करू देत. तोंड त्यांचं, दुखेल त्यांनाच.

पत्राचं कारण वेगळं आहे. वसंतपंचमीला लग्न धरलंय, त्याआधी मी स्वयंपाकघर नवं करून घेते आहे. जुन्या भिंतींचा चुना पडतो आणि ताकात पडला तर कळतसुद्धा नाही. माझे थोरले दीर करमशीभाई यांचा टाइल्सचा कारखाना आहे. लग्नाची भेट म्हणून टाइल्स ते पाठवणार. रंग आपण सांगायचा. उद्या त्या भिंतींसमोर तू उभी राहणार, म्हणून तुला विचारते. किरीटला विचारलं तर म्हणाला, कुठलाही चालेल. ज्याला कुठलाही चालतो त्यानं कधी भिंत पुसलेली नसते.

बायका सांगतात पांढरा घेऊ नये, हळदीचे डाग दिसतात. मी म्हणते, दिसतात म्हणून पुसले जातात. गडद भिंतीवर तेलाचा थर वर्षभर बसून असतो आणि आपण तिला स्वच्छ म्हणतो. शिवाय आमचं पाणी खारं. गडदवर पाण्याचे ओघळ सुकले की भिंतीला कोड फुटल्यासारखं दिसतं. तरी तुझं मत कळव.

दुसरं, ओटा किती उंच करू? मी पावणेपाच फूट आहे. माझ्या मापानं केला तर तुझी पाठ जाईल, तुझ्या मापानं केला तर मला फोडणीत काय चाललंय ते दिसणार नाही.

तिसरं, नळ. नळ तुमच्याच गावात बनतात, तेव्हा ते खातं तुझं. किरीट सांगतो तू शाळेत शिकवतेस. शिकवणाऱ्या मुलीला एवढे तीन प्रश्न जड जाऊ नयेत.

तुझ्या बा-बापूंना नमस्कार.

रंभाबेन


जामनगर, २८ ऑक्टोबर १९९६

ती. मासी,

सादर नमस्कार. तुमचं पत्र घरात सगळ्यांनी वाचलं. बापूंनी दोनदा वाचलं आणि ‘बाईला अक्कल आहे’ असं म्हणून चहा मागितला. ते सहसा कुणाबद्दल एवढं बोलत नाहीत.

आधी एक खुलासा. मी शाळेत शिकवत नाही. शाळेत मी फक्त शिकले. बापूंचं पितळेच्या नळांचं वर्कशॉप आहे. तिथे मी लेथवर उभी राहून नळांचे आटे पाडते, गेली सहा वर्षं. नखांत कायम पितळेची भुकटी असते, ती लग्नातल्या मेंदीनंही झाकायची नाही. किरीटनं असं का सांगितलं ते त्याला विचारलं, तर म्हणतो, माझी बा मोठ्या घरातली आहे, कारखान्याच्या ऑफिसात बसायची, तिला कसं वाटेल. मासी, जसं वाटायचं तसं वाटू द्या. मी लेथ सोडून खडू हातात घेणार नाही.

आता तुमचे प्रश्न. रंग साईचा घ्यावा, दुधावरच्या साईचा. त्यावर हळद दिसते आणि खारही फारसा दिसत नाही. फुलं, द्राक्षांचे घड, चहाची किटली असलं काही छापलेलं नको. किटली शेगडीवर असते तेवढी पुरे.

माझी उंची साडेपाच फूट. ओटा चौतीस इंच हवा. भांडी घासायचं सिंक खोल घ्या, नाहीतर हंडा आत जात नाही आणि अंगावर पाणी उडतं.

नळाचं सांगते. दुकानात नळ बघायचा नसतो, तोलायचा असतो. हलका लागला तर आत जस्ताची भेसळ, वर क्रोमचा मुलामा. वर्षभरात मानेशी तुटतो. आम्ही प्रत्येक नळाचं तोंड बंद करून त्यात हवा भरतो आणि पाण्याच्या टाकीत बुडवतो. एक जरी बुडबुडा आला तरी तो नळ परत भट्टीत. वर्कशॉपात ते काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

सिंकवरचे दोन नळ बापू देणार आहेत. पाणियाऱ्याचा नळ मात्र मी स्वतः करणार. किरीटनं तुमच्या पाणियाऱ्याचं वर्णन केलंय, काळ्या दगडाचा कठडा, त्यावर पिण्याच्या पाण्याचे तीन हंडे आणि कोनाड्यात पितरांचा दिवा. त्या नळाला मुलामा चढवणार नाही, नुसतं पितळ ठेवणार. मुलाम्याखाली काय आहे ते कळत नाही.

तरुलता


मोरबी, १५ नोव्हेंबर १९९६

चि. तरु,

नूतन वर्षाभिनंदन. दिवाळीच्या पाहुण्यांत उत्तराला उशीर झाला.

तुझं पत्र वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारची विचारायला आली. ऑफिसात बसायची? त्या ऑफिसातला पंखा कुठल्या बाजूला आहे ते मला माहीत नाही. किरीट तीन वर्षांचा असताना त्याचे बापू गेले आणि त्यानंतर तेवीस वर्षं मी दिरांच्या कारखान्यात टाइल्स वाजवल्या. भट्टीतून माल आला की एकेक टाइल डाव्या तळहातावर घ्यायची आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटानं ठोकायची. खणखणली तर पहिला माल. बद्द वाजली तर आत चीर आहे, बाजूला काढायची. त्या बोटाचा सांधा आता सुपारीएवढा झालाय. तुझी भुकटी आणि माझा सांधा, किरीटनं आपल्या दोघींवर क्रोम चढवलंय. भेटेल तेव्हा कान पीळ, माझ्या वाटणीचाही.

वाजवणाऱ्या प्रत्येक बाईला नंबर असायचा. माझा सात. मी पास केलेल्या खोक्याच्या कोपऱ्यात सातचा शिक्का उमटायचा. राजकोटचे व्यापारी येऊन सातची खोकी मागायचे. हे मी फुशारकीनं लिहिते आहे, तसंच वाच.

थोरल्या दिरांसमोर मी कधी बोलले नाही. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं तोंडावर पदर ओढायचा आणि गप्प राहायचं. ते टेबलाशी येऊन माल कसा आहे विचारायचे. मी टाइल एकदा वाजवली तर चांगला, दोनदा वाजवली तर नाही. तेवीस वर्षांत एवढंच आमचं संभाषण. दोन वर्षांपूर्वी डोळ्यात मोतीबिंदू आला म्हणून त्यांनी मला घरी बसवलं. मी कानानं काम करते हे त्यांना ठाऊक होतं. पण तेव्हा दोनदा वाजवायला हातात टाइल नव्हती.

साईचा रंग कळवला. ओटा चौतीस इंच. मी पायाखाली पाट घेईन, रोटला तर मी खाली बसूनच थापते. जुसब गवंड्याला सांगून ठेवलंय की टाइल्स लावण्याआधी पाण्यात बुडवायच्या, बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडी टाइल सिमेंटचं पाणी पिऊन टाकते आणि दोन उन्हाळ्यांत भिंतीवरून सुटते. गंमत बघ. तुझ्याकडे बुडबुडा आला तर माल खोटा, माझ्याकडे बुडबुडे संपले की माल तयार. आणि एक आत्ताच सांगते, भिंती चकाकाव्यात म्हणून बाजारातलं ॲसिड या घरात येणार नाही. ते सांध्यातलं सिमेंट खातं आणि झिलई घालवतं. सोडा आणि ओलं फडकं, रोजच्या रोज.

पाणियाऱ्याचा नळ मात्र आत्ता करू नकोस. त्याचं नंतर बघू.

रंभाबेन


जामनगर, २१ नोव्हेंबर १९९६

रंभाबेन,

नमस्कार. ‘नंतर बघू’ म्हणजे काय ते मी किरीटला विचारलं. दोन दिवस टाळाटाळ करून त्यानं सांगितलं. पाणियारं तुमच्या घरातून निघून करमशीभाईंच्या बंगल्यावर जाणार आहे, कारण परजातीच्या सुनेच्या हातचं पाणी पितरांना चालत नाही.

हे तुम्ही मला लिहायला हवं होतं. ओट्याची उंची विचारलीत, रंग विचारलात, आणि ज्या गोष्टीवर सगळं अडलंय ती एका ओळीत गुंडाळून ठेवलीत. तुमचं आधीचं पत्र वाचून मी बापूंना म्हटलं होतं की या बाईचं आणि माझं जमेल. आता ते शब्द गिळायला मला जड जातंय.

मी स्पष्ट लिहिते. माझे हात चुलीपाशी चालतात, भांड्यांपाशी चालतात, भिंती पुसायला चालतात आणि पाण्यापाशी चालत नाहीत, असं असेल तर तुम्हाला सून नको आहे, कामाला बाई हवी आहे. ती मोरबीतच मिळेल. तिच्यासाठी जामनगरला वरात आणायची गरज नाही.

आणखी एक. तुमच्या पाणियाऱ्यावरचे तीन हंडे कुणी घडवले? तांब्याचे असतील तर कंसाऱ्यानं. पितळेचे असतील तरी कंसाऱ्यानंच. तुमचे पितर पिढ्यान्‌पिढ्या आमच्या हातच्या भांड्यातलं पाणी पितात आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही. बिघडलं असतं तर त्यांनीच कुणाच्या तरी स्वप्नात येऊन सांगितलं असतं.

किरीट म्हणतो, एका दगडासाठी एवढं कशाला. त्याच्याशी मी सध्या बोलत नाही.

तरुलता


जामनगर, १४ डिसेंबर १९९६

रंभाबेन,

तीन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. मौन म्हणजे होकार असतो असं म्हणतात. कशाला होकार ते मी समजून घेतलं.

पाणियाऱ्याचा नळ मी बनवला. तुम्ही नको म्हणालात तरी बनवला. टाकीत तीनदा बुडवला, एक बुडबुडा नाही. लग्न मोडलं तरी तो तुम्हाला पाठवीन, कारण तो तुमच्या नावानं ओतलाय आणि नळात काही खोट नाही.

तरुलता


मोरबी, २२ डिसेंबर १९९६

चि. तरु,

तुझी दोन्ही पत्रं उशीखाली आहेत. शिव्या मला पोचल्या. अर्ध्या माझ्या आहेत, त्या घेतल्या. उरलेल्या अर्ध्या ज्यांच्या आहेत त्यांच्याबद्दल लिहिते.

दिवाळीनंतर, आपल्या नव्या वर्षाच्या दिवशी दीर घरी आले होते. मी पदर ओढून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. ते भिंतीकडे बघत बोलले, जणू मी भिंतीत राहते. म्हणाले, मुलगा ऐकत नाही तर करू दे लग्न, टाइल्सही माझ्याच लागतील, पण पाणियारं माझ्या घरी येईल. परजातीची मुलगी रांधेल, पितरांचं पाणी भरणार नाही. मी काही बोलले नाही. तीस वर्षांची सवय. ते गेल्यावर मला माझीच लाज वाटली आणि ती तुझ्यापासून लपवायला मी ‘नंतर बघू’ असं लिहिलं. तुझ्याकडे मी खोटा माल पाठवला, पोरी. वरून खणखणीत आणि आत चीर. तू बरोबर ओळखलास.

उत्तर दिलं नाही कारण पुढचं काय ते ठरत नव्हतं. आता ठरलंय. ते कशानं ठरलं ते ऐक.

दहा तारखेला टाइल्स आल्या. अठरा खोकी, साईचा रंग. जुसबनं पहिलं खोकं फोडलं आणि मी सवयीनं एक टाइल हातावर घेऊन वाजवली. बद्द. दुसरी बद्द. तिसरी बरी. मी म्हटलं, कान म्हातारे झाले. मग त्या पाण्यात बुडवल्या, पुसल्या, वर हळद चोळून पुन्हा धुतल्या. कारखान्यात हेच आम्ही शाईनं करायचो. झिलईला केसाएवढी चीर असली की रंग आत शिरतो आणि निघत नाही. तरु, दर टाइलवर पिवळं जाळं उमटलं. असल्या टाइल्स भिंतीवर लावल्या तर वर्षभरात सगळी भिंत तेल पिते, आणि मग बाई कितीही घासू दे, शेजारणी म्हणतात सुनेला स्वच्छतेचं वळण नाही.

दुसऱ्या प्रतीचा माल दिला म्हणून मी रागावले नसते. भेटीच्या गाईचे दात मोजू नयेत. पण मी खोकं उलटं केलं आणि कोपऱ्यात शिक्का दिसला. सात.

दोन वर्षं मी घरी बसले आहे. ही खोकी कार्तिकातली आहेत, तारीख छापलेली आहे. मी घरी आले, माझा नंबर तिथंच राहिला आणि चिरलेला माल त्याच्या जोरावर विकला जातोय. माझे डोळे गेले म्हणून मला घरी बसवलेलं नाही. माझे कान होते म्हणून बसवलं. आणि ज्या बाईनं तो नंबर तेवीस वर्षं वाजवून कमावला, तिच्याच घरी त्यांनी तोच माल भेट पाठवला. इतकं कुणी कुणाला गृहीत धरतं का?

त्या दिवसापासून मला पाणियारं आणि टाइल्स वेगळ्या दिसत नाहीत. माझा नंबर त्यांचा, माझे पितर त्यांचे, माझी सून कुठं हात लावणार तेही त्यांचं. मी आता दोनदा वाजवणार आहे. कसं ते अजून कळत नाही. टाइलही हवी आणि ऐकणारे लोकही हवेत.

नळ पाठव. लग्न मोडणार असशील तर मोड, पण आधी नळ पाठव.

रंभा


जामनगर, २९ डिसेंबर १९९६

बा,

नळ सोबतच्या पार्सलात आहे. वजन करून बघा. आट्यांना सुतळी गुंडाळून सफेदा लावायचा, तुमच्या जुसबभाईंना माहीत असेल. पितळ दर आठवड्याला चिंचेनं घासा आणि लगेच कोरडं करा. सिंकवरच्या क्रोमच्या नळांना मात्र चिंच लावू नका, त्यांना नुसतं कोरडं फडकं.

तुमचं पत्र मी बापूंना वाचून दाखवलं. सातच्या शिक्क्याशी आल्यावर ते उठून अंगणात गेले. आमच्या घराण्याचाही छाप आहे, नळाच्या पोटाशी एक छोटं मोराचं पीस. मागे एकानं खोट्या नळांवर तो मारला होता. तेव्हा माझ्या आजोबांनी भर बाजारात टाकी मांडली आणि त्या माणसाचे नळ एकेक करून पाण्यात बुडवले. ते तोंडानं काही बोलले नाहीत. बुडबुडे सगळ्यांना दिसले.

तुमच्या गल्लीत निम्मी घरं टाइल्सच्या कारखान्यांत कामाला जातात असं किरीट सांगतो. हळदीची रेघ वाचायला त्यांना कुणी शिकवायला नको. आणि उत्तरायण येतंच आहे, पतंग उडवायला सगळं मोरबी गच्चीवर असेल.

लग्न मोडत नाही. किरीटशी बोलायला लागले आहे, थोडं थोडं.

तरु


मोरबी, १६ जानेवारी १९९७

चि. तरु,

आधी तुझे आजोबा जिथं असतील तिथं त्यांना माझा नमस्कार पोचव. आता ऐक.

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी मी आणि जुसबनं एकशेवीस टाइल्स पिंपात बुडवल्या, हळद चोळली, धुतल्या. सकाळी दारापुढच्या कट्ट्यावर एका ओळीत उभ्या केल्या आणि मागं खोकी, सातचा शिक्का पुढं करून. कट्टा भरला तेव्हा पायऱ्यांवर ठेवल्या. पायऱ्या भरल्या तेव्हा भिंतीला टेकवल्या. मग मी खुर्ची टाकून ऊस खात बसले.

पहिल्यांदा समोरच्या गच्चीवरची जशू खाली बघायला लागली. ती अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होती. तिनं नवऱ्याला हाक मारली. मग त्याच्या बाजूची गच्ची. थोड्या वेळानं पतंग हवेत आणि माणसं कठड्याला. कुणी मला काही विचारलं नाही. तिथून पिवळं दिसत होतं आणि सातही दिसत होता.

अकराच्या सुमारास दिरांची गाडी आली. त्यांना बघताच माझा हात पदराकडे गेला. तीस वर्षांची सवय, हाताला काय कळतं. मी तो तिथंच थांबवला आणि पदर खांद्यावर नीट बसवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. जुसबकडे वळून म्हणाले, बाईंना सांग, घरची गोष्ट घरात ठेवावी.

मी म्हटलं, ‘मोटाभाई, मलाच सांगा. मी इथं आहे.’

माझा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला. मी बोलू शकते यावर विश्वास बसायला त्यांना वेळ लागला. मलाही लागला.

मी म्हटलं, ‘या घरात लावायलाच दिल्या होत्यात. घरात लावायच्या लायकीच्या नाहीत, म्हणून बाहेर ठेवल्यात.’

ते म्हणाले, लोडिंगवाल्यानं चुकीच्या ढिगातून उचलल्या.

‘म्हणजे बरोबरचा ढीगही आहे. त्यावर कुणाचा नंबर मारता?’

तेवढ्यात वरून देवजीभाईंचा आवाज आला. त्यांचं टाइल्सचं दुकान आहे आणि कारखान्याचं ते जुनं गिऱ्हाईक. त्यांनी अगदी सरळपणे विचारलं की करमशीभाई, माझ्या दुकानातली सातची खोकी कुठल्या ढिगातली आहेत? सगळ्या गच्च्या उत्तराची वाट बघत होत्या. ते गाडीच्या दाराकडे वळले.

मी शिक्का मागितला. ते म्हणाले, शिक्का कारखान्याचा आहे. मी म्हटलं, ‘लाकूड कारखान्याचं. सात माझा.’ आणि बोलायला लागलेच होते तर उरलेलंही बोलून टाकलं. ‘पाणियारं कुठं जाणार नाही. माझी सून पाणी भरेल आणि दिवाही तीच लावेल. ज्याला ते पाणी चालत नाही त्यानं घरून पिऊन यावं.’

ते गाडीत बसून गेले. जुसब म्हणाला, बेन, तुमचा आवाज चांगला आहे, तीस वर्षं वाया घालवलात. मी त्याला उसाचं एक कांडं दिलं.

टाइल्स मी संध्याकाळपर्यंत उचलल्या नाहीत.

काल दुपारी माझी थोरली जाऊ, करमशीभाईंची बायको संतोकबेन, एकटीच चालत आली. वर्तमानपत्राच्या कागदात काहीतरी गुंडाळून आणलं होतं, ते ओट्यावर ठेवलं. उघडलं तर शिक्का. म्हणाली, कारखान्याच्या दिवाणजीनं आजच टेबलातून काढला, कारण सकाळपासून देवजीभाईंसारखे चारजण खोकी परत घेऊन दारात उभे आहेत. ‘हे’ लग्नाला येणार नाहीत, असंही म्हणाली. मी म्हटलं, ठीक आहे. खरं सांगायचं तर मला थोडं वाईट वाटलं. माझा नवरा गेला तेव्हा याच माणसानं मला कामावर ठेवलं होतं, ते मी विसरलेले नाही. पण उपकाराच्या खोक्यावरही खोटा नंबर मारू नये.

जाता जाता संतोकबेन पाणियाऱ्यापाशी थांबली. तुझा नळ जुसबनं सकाळीच बसवला होता, सोन्यासारखा चमकत होता. कुणी केला, तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं तोच नळ सोडून पेला भरला, उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायली, पेला उपडा ठेवला आणि लग्नाला ती येणार असल्याचं सांगून गेली.

भिंतींच्या टाइल्स मी उत्तरायणाआधीच वांकानेरच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या एका कारखान्यातून आणल्या होत्या. त्यांच्या गोदामात बसून एकेक वाजवून घेतली, दोन तास. मालक शेवटी चहा घेऊन आला आणि कामाला येता का म्हणून विचारायला लागला. त्याला म्हटलं, आधी घरात लग्न आहे. नंतरचं बघू. हे ‘नंतर बघू’ खरं आहे, त्यात काही लपवलेलं नाही.

ओटा चौतीस इंच झाला. त्यावर मी फार चिमुकली दिसते. सिंकमध्ये हंडा आडवा मावतो. भिंती पूर्ण झाल्या, फक्त पाणियाऱ्याच्या वर, कोनाड्याशेजारी, एका टाइलची जागा मी मोकळी ठेवायला सांगितली आहे. पाच टाइल्स बाजूला काढून ठेवल्यात. चार चांगल्या आहेत आणि एक बद्द. आल्यावर तू वाजवून निवडायची. चुकलीस तर मी काही बोलणार नाही, फक्त दोनदा वाजवीन.

किरीटला सांग, लग्नपत्रिकेत आईचा व्यवसाय आणि सुनेचा व्यवसाय दोन्ही छापायचे, खरे. बाकीच्यांचे छापतो तसे.

हे पत्र मी दोनदा वाचून पाहिलं. कुठं बद्द वाजत नाही. म्हणून माझ्या नावाखाली शिक्का मारते आहे. दोन वर्षांनी मारला, शाई जरा जास्त झाली.

रंभा

७